उरलेलं बोलणं

गल्लीत त्याला सगळे रेडिओ म्हणत. एका खुर्चीचं केस कापायचं दुकान, समोर मोठा आरसा, मागची मान दाखवायला एक लहान आरसा, आणि सकाळी शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत अखंड चालणारं तोंड. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि मानेभोवती कापड आवळलं की ते बिचारं पळून कुठे जाणार? पाण्याच्या दाबापासून कोणाच्या जावयाच्या बदलीपर्यंत सगळ्या बातम्या त्याच्या कानावर घातल्याशिवाय सुटका नाही. लोक म्हणायचे, केसांचे पैसे घेतो आणि कान फुकटात किटवतो. तरी यायचे सगळे त्याच्याकडेच. पलीकडच्या चौकात पंखे-बिंखे असलेलं चकचकीत दुकान निघालं, पण तिथला माणूस बोलत नाही म्हणून दोन महिन्यांत निम्मी गल्ली परत आली.

दुकानाच्या बाजूने अरुंद जिना, वर दोन खोल्या. तिथे त्याची बायको शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करून द्यायची. तिला सगळे काकू म्हणत. पायमशिनीच्या बाजूला पांढऱ्या शर्टांचा ढीग, दुसऱ्या बाजूला काजं झालेल्यांचा. खालून दिवसभर नवऱ्याचा आवाज वर यायचा, शब्द कळायचे नाहीत, नुसता पाण्यासारखा खळखळाट. आणि संध्याकाळी हाच माणूस जिना चढून वर आला की हात धुवायचा, जेवायचा, भिंतीला पाठ लावून बसायचा. काकूंनी काही विचारलं तर हूं, नाहीतर नाही. मुलाने काही विचारलं तरी तेच. "खाली रेडिओ आणि वर भिंत," असं काकू स्वतःशी म्हणायच्या. दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नव्हता, कोणाचा विश्वास बसला नसता.

त्या दिवशी दुपारी खालचा खळखळाट मध्येच तुटला. काहीतरी जड आपटलं. मग जिन्याखालून हाक आली, "काकू! अहो काकू, लवकर या!" काकू धावत खाली गेल्या तर खुर्चीच्या पायाशी रेडिओ आडवा पडलेला, आणि त्याला उठवायची खटपट करत होता गल्लीतला वायरमन. वायरमनचा एक गाल गुळगुळीत आणि दुसरा साबणाच्या फेसाने भरलेला. तसाच तो उठला, आपल्या टेंपोतली वायरची भेंडोळी रस्त्यावर फेकून दिली, रेडिओला आत घातलं आणि इस्पितळात नेलं. वाटेत फेस वाळून त्याच्या गालावर पांढरा पापुद्रा धरला होता. काकूंना पुढे कितीतरी दिवस त्या दुपारचं बाकी काही आठवायचं नाही, तो पापुद्रा तेवढा आठवायचा.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आहे. जीव वाचेल. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा परत येईल, बोलण्याचं आत्ता सांगता येत नाही.

सुरुवातीचे दिवस तो नुसता छताकडे बघत पडून होता. मग एका सकाळी सिस्टरने त्याची उशी सारखी करता करता विचारलं, "काका, पाणी देऊ का?" रेडिओने डोळे फिरवून तिच्याकडे पाहिलं आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला,

"जाऊ दे."

सिस्टर हरखली. "काकू, बोलले! ऐकलंत ना? बोलले ते!"

काकूंनी खाटेचा लोखंडी दांडा घट्ट धरला होता. त्यांनी ऐकलं होतं. नुसते शब्द नव्हेत, आवाजही ओळखला होता. तो आत्ताच्या, साठीला टेकलेल्या माणसाचा आवाज नव्हताच. जरासा हसरा, लाडावणारा, "एवढं काय त्यात" म्हणणारा तो आवाज काकूंनी शेवटचा ऐकला त्याला वीसेक वर्षं होत आली होती.

त्यांना तेव्हा एक मुलगी होती. नऊ वर्षांची. धाकटा अजून मांडीवर होता. एका सुट्टीच्या दिवशी शेजारचं कुटुंब आपल्या गाडीतून धरण बघायला निघालं होतं आणि मुलीला सोबत नेतो म्हणत होतं. तिला खोकला होता. काकू नको म्हणाल्या. मुलगी एका पायात बूट घालून, दुसरा हातात धरून दारात उभी राहिली आणि आईकडे न बघता बापाकडे बघू लागली. आणि तो दाढीचा साबण घोटता घोटता म्हणाला, "जाऊ दे गं तिला. एक दिवसाचा तर प्रश्न."

ती गाडी डोंगरातल्या एका वळणावर रस्ता सोडून खाली गेली.

सगळं उरकल्यावर, माणसं येऊन गेल्यावर, काकू नवऱ्याला एकच वाक्य बोलल्या होत्या. "तुम्हीच म्हणालात." एकदाच बोलल्या. पुन्हा कधी नाही. काही महिन्यांतच ते गाव सोडून ती दोघं धाकट्याला घेऊन ह्या गल्लीत आली, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. पण त्यानंतर त्यांच्या घरात 'जाऊ दे' हे शब्द कोणी उच्चारले नाहीत. असा काही नियम कोणी केला नव्हता, ते आपोआप झालं. दूध उतू गेलं तर "असू दे" म्हणायचं. कोणाशी भांडण झालं तर "सोडा ना." धाकट्याच्या हातून बशी फुटली तर "राहू दे, मी भरते." धाकटा मोठा झाला, मालाच्या गोदामात पाळीवर जायला लागला, पण घरात हे दोन शब्द चालत नाहीत हे त्याच्या कधी लक्षातही आलं नाही, कारण त्याने ते घरात कधी ऐकलेच नव्हते. बहिणीचा एक फोटो कपाटातल्या शालींच्या खाली आहे एवढं त्याला माहीत होतं.

आणि आता ह्या माणसाच्या तोंडात तेवढंच उरलं होतं.

रेडिओ घरी आला. काठी टेकत, एक पाय ओढत खाट ते मोरी एवढं चालायला लागला. शेजारपाजारचे बघायला यायचे. "काय काका, कसं आहे?" "जाऊ दे." "औषधं घेता ना वेळेवर?" "जाऊ दे, जाऊ दे." "पाऊस येणार म्हणतात." "जाऊ दे." माणसं जिना उतरताना हसायची, रेडिओ साधू झाला, त्याने अख्ख्या जगावर पाणी सोडलं. त्यांचं चुकत नव्हतं. खाली गल्लीत हे शब्द दिवसातून शंभर वेळा ऐकू यायचे, कोणाला त्याचं काय?

काकूंना मात्र ते ना औषधाबद्दल वाटे, ना पावसाबद्दल. त्यांच्या लेखी प्रत्येक वेळी दारात एक पोरगी उभी असायची, एक बूट हातात धरून. त्या पलीकडच्या खोलीत मशीन चालवत बसल्या की लाकडी पार्टिशनच्या आडून आवाज यायचा, "जाऊ दे." मऊ, हसरा. आणि त्यांची नजर नकळत दाराकडे वळायची. काजं वाकडी व्हायला लागली. एका शर्टाचं काज खिशावरच पडलं. कधी तो आवाज इतक्या लाडात यायचा की त्यांना वाटे, हा एकटा बोलतच नाहीये, ह्याच्यासमोर कोणीतरी उभं आहे आणि हट्ट करतं आहे. त्यांनी त्याला काही विचारणंच बंद केलं. विचारलं नाही तर उत्तर यायचं नाही. पाण्याचा पेला न विचारता ठेवायचा, ताट न विचारता उचलायचं. तरी झोपेत बोलायचाच.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, चादरी धुऊन येतात त्या खोलीच्या शेजारी वाचा विभाग होता. तिथे आठवड्यातून दोनदा जायचं ठरलं. खोली लहान. एक टेबल, भिंतीवर हातभर आरसा, चित्रांच्या पत्त्यांनी भरलेला प्लास्टिकचा डबा. पेला, कंगवा, किल्ली, गाय. उपचार करणाऱ्या बाई पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा कायम कपाळावर चढवलेला आणि कायम चष्मा शोधणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी रेडिओला आरशासमोर बसवलं, गाल फुगवायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली, बोटांनी एक दोन तीन म्हणायला सुरुवात करून दिली. आणि नवल असं की रेडिओ त्यांच्यामागे घसरगुंडीवरून आल्यासारखा दहापर्यंत म्हणून गेला. पण लगेच "हे काय?" म्हणून कंगव्याचं चित्र पुढे धरलं, तर ज्या माणसाने जन्मभर कंगवा हातात धरला तो त्या चित्राकडे बघत कपाळावर आठ्या घालून म्हणाला, "जाऊ दे." आणि स्वतःचंच ऐकून त्याने डाव्या हाताची मूठ मांडीवर आपटली.

बाईंनी काकूंना बाजूला घेतलं. "ह्याला वाचाघात म्हणतात. जीभ शाबूत आहे, डोकंही शाबूत आहे. आपण बोललेलं बरंचसं त्यांना कळतं. पण मनातला शब्द हुडकून ओठांपर्यंत आणायचा जो रस्ता असतो ना, तो खचलाय. मनात पाणी असतं, तोंडातून जाऊ दे येतं. कधीकधी तर त्यांना वाटतं, आपण पाणीच म्हणालो."

"पण मग हेच का येतं? दुसरं काही का नाही?"

"ते नक्की कोणालाच माहीत नाही, काकू. माझ्याकडे एक मुख्याध्यापक होते, त्यांना फक्त एक शिवी उरली होती. आयुष्यात कोणी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. सुना कानात बोटं घालायच्या. एका बाईंना फक्त 'मंगळवार' यायचं. काही जण म्हणतात, झटका येताना जिभेवर जे असतं तेच अडकून राहतं. काही जण म्हणतात तसं काही नाही. तुम्ही त्यात अर्थ शोधत बसू नका. ते अडकलेलं बटण आहे असं समजा. काहीही दाबा, घंटी तीच वाजते."

काकूंनी डब्यातले पत्ते सारखे करून ठेवले. मग हळूच म्हणाल्या, "बाई, तेवढं त्यांच्या तोंडातून काढून टाका. मुके राहिले तरी चालेल मला."

बोलतं करा, अशा विनवण्या बाईंनी नवऱ्यांसाठी, आयांसाठी खूप ऐकल्या असाव्यात, पण गप्प करा म्हणणारी ही पहिलीच. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "काढता येत नाही. आणि काढायचं तरी कशाला? आपल्या हातात एवढाच धागा आहे, ह्यालाच धरून पुढे विणायचं. बघा, ह्यात 'दे' आहे. आता फक्त त्याच्या आधीचं बदलायचं." त्या रेडिओजवळ गेल्या, त्याचा डावा हात हातात घेऊन टेबलावर ताल धरला आणि गाण्यासारखं, वरखाली करत म्हणू लागल्या, "जा-ऊ दे. जा-ऊ दे. पा-णी दे. पा-णी दे." रेडिओचे ओठ थरथरले. प, असा फुटलाही. "घरी रोज असंच करायचं. तुम्ही त्यांचा हात धरायचा, आधी त्यांचं त्यांच्याबरोबर म्हणायचं, मग हळूच आपलं घालायचं. सुराला धरून येतात शब्द. बोलण्याचा रस्ता खचला तरी गाण्याचा बरेचदा शाबूत असतो."

काकू मान हलवून आल्या. घरी आल्यावर मात्र त्यांच्याच्याने ते झालं नाही. हात धरला, ताल धरला, तोंड उघडलं, आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडून ते दोन शब्द फुटेनात. बाई दर खेपेला विचारायच्या, "करता ना घरी?" "करते हो." "मग फरक का नाही पडत?" काकू नवऱ्याची काठी उचलून त्याच्या हातात द्यायच्या.

पण बाईंच्या बोलण्यातली एक गोष्ट त्यांच्या मागे लागली होती. झटका येताना जिभेवर जे असतं ते. म्हणजे त्या दुपारी, त्या खुर्चीपाशी तो काहीतरी बोलत होता. काय बोलत होता? कोणाला म्हणत होता जाऊ दे? जो माणूस इतकी वर्षं ते शब्द टाळत आला त्याने ते खाली कोणाजवळ काढले? काकूंच्या मनाने घेतलं की त्याला कोणीतरी दिसलं असणार. दुकानाच्या दारात. ह्या विचाराने त्यांच्या अंगावर काटा यायचा आणि तरी तो विचार सोडवेना.

शेवटी एके दिवशी धाकट्याला बापाजवळ बसवून त्या वायरमनकडे गेल्या. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. तो स्टुलावर बसून एका पंख्याच्या मोटरीत तांब्याची तार गुंडाळत होता. काकूंना बघून लगबगीने उठला, तारांचा गुंता सरकवून जागा करून दिली.

"काय म्हणतात रेडिओ? मी येणारच होतो हो, पण त्यांना असं बघवत नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "मुलगी येऊन गेली का?"

काकूंना वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. "कोण?"

"मुलगी तुमची. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते ती. तिला कळवलंत ना? की लांबून उगाच धावत येईल म्हणून ठेवलंत तसंच?"

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. काकूंनी पदर सारखा केला. आपलं तोंड काय बोलतं आहे ते त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं. "कळवलं."

"बरं केलंत. फार जीव हो त्यांचा तिच्यावर. खुर्चीत बसलं की तिचीच गोष्ट. ती मामाकडे राहून शाळेत जायची तेव्हापासून ऐकत आलोय मी, बघितली नाही कधी. पोहायला जायचं म्हणून रुसली होती ते, मग दुसऱ्या गावी परीक्षा होती ते, मग पहिली नोकरी. दर वेळी एकच रामायण. काकू नको म्हणणार, हिरमुसून पोरगी बापाकडे बघणार, आणि मग हे जाऊ दे म्हणणार." वायरमन हसला. "राग नका मानू, पण आम्ही गल्लीतले सगळे तुम्हाला जरा कडकच समजतो, तुमच्यापुढे तिचा विषय काढू नका असं तेच बजावायचे. आणि मग पुढच्या दाढीला गेलं की आधी तेच सांगायचे, 'पोचली हो. फोन आला.' साबण लावायच्याही आधी. आपल्यालाही बरं वाटायचं, खरंच. आपलीच पोरगी पोचल्यासारखं."

काकूंनी तारेच्या भेंडोळ्यावर हात ठेवला होता, तो तसाच राहिला. "आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी समुद्रापार नोकरी आल्याचं सांगत होते. मोठं काम, पगार चांगला, पण तुमचा नकार. मी म्हटलं, बाप म्हणून तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना. तर त्यांनी वस्तरा गालापासून लांब धरला. आरशातून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, 'मी म्हटलं, जाऊ दे तिला.' आणि वस्तरा खाली पडला. मला आधी वाटलं, भरून आलं असेल." त्याने मान हलवली. "मग काय ठरलं? गेली का ती?"

काकू उठल्या. बघते, ते औषध मागत असतील, असं काहीतरी पुटपुटल्या आणि बाहेर पडल्या. रस्त्याने येताना पानवाला, पिठाच्या गिरणीवाला, इस्त्रीवाला, सगळे ओळखीचे चेहरे. ह्या सगळ्यांना माहीत होती ती. ह्या सगळ्यांनी तिला मोठी होताना ऐकलं होतं. काकू वर बसून काजं करत होत्या, आणि पायांखाली, फळ्यांच्या पलीकडे, तो खळखळाट चालू असायचा ना, त्यात त्यांची मुलगी दहा वर्षांची होत होती, पंधरा वर्षांची होत होती, शिकत होती, कमवत होती. त्यांना एक शब्द कळला नव्हता. त्यांना रागही आला, असा की डोळ्यांपुढे अंधारी यावी. मला का नाही सांगितलं? मला का नाही दिली ती? आणि त्या रागाच्या मागोमाग आलं ते आपलंच वाक्य. तुम्हीच म्हणालात.

घरी आल्या तेव्हा धाकटा कामावर जायला दारात तयार होता. तो गेला. रेडिओ खाटेवर, भिंतीला पाठ लावून. काकू त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. इतक्या समोर त्या कित्येक दिवसांत बसल्या नव्हत्या. त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि घाईघाईने, काहीतरी राहून गेल्यासारखं बोलू लागला, "जाऊ दे. जाऊ दे. जाऊ दे." वर चढत जाणारा, विचारत असल्यासारखा सूर. हा सूरही काकूंनी रोजच ऐकला होता, पण आत्तापर्यंत फक्त शब्द ऐकले होते.

त्याची गोष्ट अर्ध्यात तुटली होती. त्याने तिला पाठवलं होतं आणि पुढची दाढी झालीच नव्हती.

काकूंनी त्याचा डावा हात हातात घेतला. "पोचली ती," त्या म्हणाल्या. "फोन आला होता."

रेडिओ गप्प झाला. त्याने काकूंच्या चेहऱ्यावर नजर रोखली, आधी घाबरून, चोरी पकडली गेल्यासारखी, आणि मग तशीच धरून ठेवली. त्याचा खालचा ओठ एका बाजूला ओघळला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याला डाव्या हाताने पुसता येईना, कारण तो हात काकूंनी सोडला नव्हता.

त्या दिवसापासून घरी सराव सुरू झाला. काकूंनी ताल धरला आणि त्यांच्या तोंडून ते शब्द निघाले. पहिल्यांदा घोगरे, गंजलेल्या कडीसारखे. "जा-ऊ दे. पा-णी दे." दिवस गेले, मग आठवडे. 'पाणी दे' आलं. 'हात दे' आलं. 'चहा' नुसताच यायचा, 'दे' शिवाय, आणि तो मागायचा नाही, हुकूम सोडायचा. जुनं वाक्य मात्र गेलं नाही. बाई म्हणाल्याच होत्या, ते कायम राहील. दमला, चिडला, घाई झाली की तेच यायचं. काकू अजूनही दचकायच्या. फक्त आता आवाज आला की मशीन थांबवून पलीकडे जायच्या.

आणि बाईंनी दुसरी एक गोष्ट शिकवली होती. "शब्द येत नसतील तर हो-नाहीचे प्रश्न विचारा. मोठ्यातून लहानाकडे जा. माणसाबद्दल आहे का? घरातलं आहे का? धीर धरा, त्यांना वेळ द्या." काकूंनी धीर धरला. दुपारी धाकटा कामावर असला की त्या हातातला शर्ट बाजूला ठेवायच्या आणि विचारायच्या, "उंच आहे का ती? माझ्यापेक्षा?" रेडिओ मान हलवायचा. हो. "केस लांब आहेत?" नाही. ठामपणे नाही, आणि दोन बोटांची कात्री करून मानेपाशी दाखवायचा. त्यानेच कापले असणार. "लग्न?" ह्यावर तो रागावल्यासारखं करायचा. नाही. "आवाज कसा आहे, तुमच्यासारखा? बडबडी?" ह्यावर तो हसायचा, एका बाजूने. "कितवं लागलं तिला?" म्हणून विचारलं तेव्हा त्याने एकपासून मोजायला सुरुवात केली, काकूंच्या बोटांच्या पेरांवर आपलं बोट टेकवत. एका हाताची पेरं संपली, दुसऱ्या हातावर आला, पुन्हा पहिल्यावर, आणि एका पेरावर थांबला. काकूंच्या मनातही तोच आकडा होता. दर वर्षी त्या तो कोणाला न सांगता एकाने वाढवत आल्या होत्या.

कधीकधी त्यांना भीती वाटे. हे बरं नाही, हे कळत होतं. दिवेलागणीला पलीकडच्या खोलीत मशीन चालवताना त्यांना आता दारातली नऊ वर्षांची पोर दिसत नसे. दुसरीच कोणीतरी असायची, आखूड केसांची, त्यांच्याहून उंच, आणि ती आत यायची की बाहेर जायची हे काकूंना ठरवता येत नसे. इस्त्रीवाल्याने एकदा विचारलं, "काय म्हणते मुलगी?" आणि काकू सहज म्हणाल्या, "बरी आहे. कामात असते." घरी आल्यावर त्या बराच वेळ हात-पाय धूत राहिल्या.

वाचा विभागातल्या बाई खूश होत्या. "हो-नाही आता एकदम पक्कं. मोजणं सुंदर. खरं सांगा, घरी कशाचा सराव घेता? चित्रांचा?"

"गप्पा मारतो," काकू म्हणाल्या. "घरातल्याच."

"चालू ठेवा. ह्याच्यासारखं औषध नाही."

एकदा गोदामात माल आला नाही म्हणून धाकटा दुपारीच परतला. जिना चढता चढता त्याला आईचा आवाज ऐकू आला. "समुद्रापार थंडी असेल ना? गरम कपडे नेलेत तिने?" आणि मग, जरा थांबून, बापाचा नवा, खडबडीत, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखा आवाज. "ने-ले."

धाकटा दारात येऊन उभा राहिला. दोघंही दचकून गप्प झाली, चोरून काही खाताना पकडलेल्या पोरांसारखी. त्याने हातातला डबा खाली ठेवला.

"कोणाबद्दल बोलताय?"

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. रेडिओने धाकट्याकडे. धाकट्याची नजर कपाटावर गेली. कपाट उघडं होतं आणि शालींचा ढीग एका बाजूला सारलेला होता. ती दोघं फोटो घेऊन बसली होती, खाटेवर, मध्ये ठेवून. दोन वेण्यांची एक पोरगी कॅमेऱ्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

धाकटा आता ओरडेल, असं काकूंना वाटलं. आई, तू तरी शहाणी हो, असं म्हणेल. त्यांनी मनातल्या मनात त्याला उत्तरही जुळवायला घेतलं होतं. पण तो येऊन खाटेच्या कडेला बसला. फोटो हातात घेतला नाही, नुसता वाकून बघत राहिला. मग बापाला म्हणाला,

"माझ्याबद्दल विचारते का कधी ती?"

रेडिओचा चेहरा कामाला लागला. कपाळावर आठ्या आल्या, ओठ पुढे आले, मिटले, पुन्हा उघडले. काकूंनी तालासाठी हात पुढे केला, तर त्याने तो झिडकारला. हे त्याला एकट्यालाच आणायचं होतं. खाली कोणीतरी बंद शटरवर थाप मारून रेडिओला हाक मारली आणि उत्तर न मिळाल्याने निघून गेलं.

"रोज," रेडिओ म्हणाला.